देवगिरी ते नाथसागर : तिघांची शर्यत

गेल्या दिवाळीत पुण्याला शिकणारा आमचा पुतण्या सुट्टीला घरी आला. सोबत एक मित्र आणि दोन सायकली होत्या. फराळाची ताटे उचलायच्या आत त्याने विषय काढला.

"काका, आम्हाला एका शर्यतीत उतरायचं आहे. तिघांचा संघ लागतो. ताई आमच्यात आली तर बरं होईल."

ताई म्हणजे आमची थोरली मुलगी. गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून कॉलेजपर्यंत रोज सायकल मारणारी. मी काही बोलण्याआधी चुलीपाशी बसलेली आमची आई म्हणाली, "कापूस येचायला माणूस मिळंना, अन् ही पोरगी शर्यतीला जाणार? शेतात पळणं कमी पडतंय का?"

आईचे म्हणणे खोटे नव्हते. पण शर्यत म्हणजे नेमके काय, हे मलाही ठाऊक नव्हते. तेव्हा पुतण्याला म्हटले, आधी सगळे नीट सांग.

त्याने सांगितले ते असे. या शर्यतीत नुसते पळणे नसते. काही अंतर सायकलवर, काही डोंगरातून पायी, काही पाण्यातून वल्हे मारत जायचे. वाट कोणी आखून दिलेली नसते. हातात नकाशा आणि होकायंत्र देतात. नकाशावर खुणा केलेल्या असतात, त्या जागा शोधत पुढे जायचे. परदेशात हा प्रकार जुना. न्यूझीलंडमध्ये १९८३ साली एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत धावत, सायकलवर आणि होडीतून जायची शर्यत सुरू झाली. आपल्याकडे पुण्याजवळच्या डोंगरांत २००३ साली 'एन्ड्युरो ३' ही शर्यत सुरू झाली. नावातला तीनचा आकडा तिघांच्या संघाचा. अशा शर्यतींचा मुख्य नियम एकच : सगळ्यांनी बरोबर राहायचे. एक जण पुढे पळाला म्हणून काही मिळत नाही. शेवटचा माणूस पोचेल तीच संघाची वेळ.

हा नियम मला आवडला. बैलजोडीचेही असेच असते. एक बैल कितीही तेज असला तरी नांगर जोडीच्या चालीनेच चालतो. मी म्हटले, "मग पुण्याला जाण्याआधी आपल्याच जिल्ह्यात सराव करून पाहू. मी मोटारसायकलवर भाकरी घेऊन मागे येतो."

नकाशाने शिकवलेला धडा

पहाटे शहरातून निघालो. छावणी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा ही नावे मागे पडली आणि उजाडता उजाडता देवगिरीचा डोंगर समोर उभा राहिला. शहरापासून हे अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. यादवांनी बाराव्या शतकात हा किल्ला राजधानीचा केला. सुमारे दोनशे मीटर उंचीचा हा डोंगर खालून तासून उभा केला आहे, त्यामुळे घोरपडही चढणार नाही अशी भिंत तयार झाली. खंदक ओलांडून आत गेले की 'अंधारी' लागते. तो वळणावळणाचा काळोखा बोगदा मुलांना दाखवला. शत्रूची दिशा चुकली की तो निम्मा हरला, हे किल्ला बांधणाऱ्यांना चांगले ठाऊक होते.

तिथून खुलताबादचा घाट. चढावर पोरांच्या माना खाली गेल्या. श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला शहरातून हजारो माणसे याच वाटेने रात्रभर पायी येतात. त्यांच्यात म्हातारी माणसेही असतात, लेकुरवाळ्या बायाही असतात. त्यांना कोणी खेळाडू म्हणत नाही, पण दम त्यांचा मोठा.

खुलताबादला ओळखीच्या घरी सायकली ठेवल्या, भाकरी-ठेचा खाल्ला आणि म्हैसमाळकडे पायवाटेने जायचे ठरले. आता नकाशा निघाला. तो भारतीय सर्वेक्षण विभागाचा होता. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. कागदभर तपकिरी रेषांची जाळी होती. पुतण्या समजावू लागला, पण आमची मुलगी मध्येच म्हणाली, "अण्णा, या तर आपल्या बांधाच्या रेषा!"

खरोखर तसेच होते. शेतात समपातळी बांध घालताना एका उंचीच्या जागा जोडत रेघ मारतात, तीच ही रेघ. एका रेषेवरची सगळी जमीन एका उंचीची. रेषा दूरदूर असल्या तर उतार सौम्य. दाटीवाटीने असल्या तर चढ उभा. एकमेकींना चिकटल्या तर तिथे कडा समजावा. ज्याने पावसाचे पाणी कोणत्या बाजूला धावते ते पाहिले आहे, त्याला हा नकाशा वाचायला फार वेळ लागत नाही. होकायंत्राची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ते लोखंडाजवळ धरू नये. मी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवले, तर सुई भलतीकडेच वळली.

म्हैसमाळच्या माथ्यावर दूरदर्शनचा उंच मनोरा आहे. तो दिसताच पुतण्या म्हणाला, "मनोरा समोर आहे, आता नकाशा कशाला?" आणि सरळ निघाला. मुलगी मागून ओरडली, "दादा, तिकडं रेषा चिकटलेल्या आहेत!" त्याने ऐकले नाही. ती आणि मित्र सोंडेवरून वळसा घालून वर पोचले आणि वाट पाहत बसले. मी रस्त्याने आधीच गिरिजामातेच्या देवळापाशी येऊन थांबलो होतो. तास झाला, दीड तास झाला, तेव्हा काट्यांनी ओरखडलेला पुतण्या उलट दिशेने आला. कड्याखाली जाऊन त्याला परत फिरावे लागले होते.

कोणी काही बोलले नाही. पाण्याची बाटली त्याच्या हातात देत मुलगी एवढेच म्हणाली, "शर्यतीत असतो तर तिघांचाही दीड तास गेला असता." त्या दिवसापासून नकाशा तिच्या हातात आला.

काठावर थांबलेली पोरगी

दुसऱ्या दिवशी पाण्याचा सराव ठेवला. नाथसागर आम्हाला जवळ. पण १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे उतरतात. तिथे मनाला येईल तशी होडी घालणे बरे नव्हे. म्हणून गावच्या पाझर तलावावर गेलो. मासे धरणाऱ्या भोई मित्राने होडी दिली. पोरांनी पुण्याहून लाइफ जॅकेटे आणलीच होती.

दोघे पोरगे बसले आणि होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. मित्र काठावरून हसत म्हणाला, "एक जण जोर लावतोय, दुसरा कुरवाळतोय. दोघांचं वल्हं एका वेळी पडू द्या." थोड्या वेळाने होडी सरळ चालली.

मग मुलीला हाक मारली. ती जागची हलली नाही. डोंगरावर न भ्यालेली पोरगी गुडघाभर पाण्यात उभी राहून थरथरत होती. "अण्णा, मला पोहता येत नाही. मी बसणार नाही."

मला खाली पाहावे लागले. पुतण्याला आणि धाकट्या मुलाला मी सहा-सात वर्षांचे असताना कमरेला भोपळा बांधून विहिरीत सोडले होते. दोन उन्हाळ्यांत मासोळीसारखे पोहू लागले. थोरली असून मुलीला मी कधी विहिरीपाशीही जाऊ दिले नाही. का, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मुलगी आहे, लोक काय म्हणतील, एवढेच. आणि तीच मुलगी शेततळ्यावर मोटार चालू करायला रोज एकटी जाते, हे मला तोवर सुचलेही नव्हते.

आजीचे गाव

भाऊबीज झाल्यावर आईला नाथांच्या दर्शनाला पैठणला नेले. पोरेही बरोबर होती. दर्शन झाल्यावर धरणावर गेलो. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि पलीकडे नजर पोचणार नाही एवढे पाणी. या पाण्याने कितीतरी शेते भिजली आणि कितीतरी गावे बुडाली. त्यांतले एक माझ्या आईचे माहेर.

आई पदर सावरून पाण्याकडे बघत राहिली. मग नातीला म्हणाली, "त्या तिकडं आमचा घाट होता. आम्ही पोरी गंगेत या काठाहून त्या काठाला जायचो." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

मुलगी बघतच राहिली. "आजी, तुला पोहता येतं?"

"गंगेकाठच्या पोरीला येत नाही व्हय? इथं लग्न होऊन आले अन् सुटलं ते."

पन्नास-पंचावन्न वर्षांत आईने ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. मीही कधी विचारले नव्हते.

उन्हाळ्यात विहिरीचे पाणी उतरले तेव्हा आईनेच मुहूर्त काढला. भोपळा मिळाला नाही, म्हणून दोन रिकामे, झाकण घट्ट लावलेले प्लास्टिकचे कॅन पाठीला बांधले. कमरेला दोर, दोराचे टोक माझ्या हातात, पाण्यात पुतण्या, आणि पायरीवर बसून हुकूम सोडणारी आजी. "हात आपटू नको. पाणी मागं लोट." गावातल्या दोन पोरी पहिल्या आठवड्यात नुसत्या बघायला आल्या, दुसऱ्या आठवड्यात पाण्यात उतरल्या. मृगाच्या आधी आमची मुलगी कॅनशिवाय विहिरीच्या चार फेऱ्या मारू लागली.

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ हा पोरगा. दुष्काळी भागातला, मजुरी केलेला. फौजेत गेल्यावर त्याच्या हाती पहिल्यांदा वल्हे आले. २०१६ साली तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये होडी चालवून तेरावा आला आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीतून सुवर्णपदक घेऊन आला. दुष्काळी गावातही पाण्याचे गुण दडलेले असतात. शिकवणारा भेटावा लागतो.

शर्यतीचे बक्षीस आम्हाला मिळेल की नाही, त्याची आता फारशी चिंता नाही. पण वाचक शेतकरी बंधू-भगिनींना एक सांगणे आहे. येत्या उन्हाळ्यात मुलाबरोबर मुलीलाही पोहायला शिकवा. मात्र दोर बांधून आणि पट्टीचे पोहणारे जवळ ठेवूनच. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरतो, आत पडलेल्याला वर चढता येत नाही. म्हणून काठाला खुंटा रोवून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, हवा भरलेली जुनी ट्यूब हाताशी असू द्या आणि भोवती कुंपण घाला. एवढ्याला फार पैसे लागत नाहीत.

परवा पुतण्याचा फोन आला. नावे कळवायची वेळ आली आहे. मी आईकडे पाहिले. तिने एकच विचारले, "तिघं बरोबरच राहणार ना?"

"नियमच तसा आहे," मी म्हटले.

"मग लिही नाव. कापूस आपण बघू."