झाडे मोजून हप्ता

बँकेच्या सेवेत असताना पीककर्जाचे असंख्य अर्ज माझ्या हातांखालून गेले. त्या कर्जाचे आयुष्य एका हंगामाचे. पाऊस वेळेवर आला तर वसुली, नाही तर मुदतवाढ. आता पाऊस ऐन पेरणीत दडी मारतो आणि कापणीला आलेल्या भातावर कोसळतो. एकाच पिकावर उभे असलेले घर म्हणजे एकाच गिऱ्हाइकावर चाललेले दुकान, हे व्यापारी वाचकांना निराळे सांगायला नको.

यावरचा एक उपाय शेजारच्या गुजरातेत, वांसदा तालुक्यात, चाळीस वर्षांपूर्वी सुरू झाला. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने तेथील आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’ उभी केली. एकरभर जमिनीत आंबा व काजू, बांधावर इमारती लाकडाची व जळणाची झाडे, मधल्या पट्ट्यांत धान्य आणि भाजीपाला. झाडाची मुळे खोल जातात, त्यामुळे पावसाचा खंड त्याला पिकाइतका जाचत नाही. गळलेला पाला मातीची ओल राखतो. अवकाळीने मोहोर झडतो, हे खरे. पण त्या वर्षीही धान्य वा बांधावरचे लाकूड काहीतरी हाती लागते.

खरी अडचण आरंभीच्या वर्षांची. आंबा उत्पन्न देऊ लागेपर्यंत चार-पाच वर्षे जातात, पोट तितके थांबत नाही. दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्टीवर निघून गेली, की रोपांना पाणी घालायला माणूस उरत नाही. म्हणून पुढे नाबार्डच्या आदिवासी विकास निधीतून वाड्या झाल्या, तेव्हा रोपांबरोबरच पाणी, माती आणि निगराणी यांचाही विचार झाला.

श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म येते. जंगल तोडून पोट भरू नये, हे आपण मानतो. जगवण्याचा हिशेब मात्र क्वचित ठेवतो. चातुर्मासात वृक्षारोपणाला देणगी सहज जमते, छायाचित्रही निघते. माझ्या मते ती रक्कम तीन हप्त्यांत द्यावी, मोठा हप्ता दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यासाठी राखावा आणि तो जिवंत झाडे मोजूनच सोडावा.

वांसद्याच्या शेतकऱ्यांनी पुढे सहकारी संस्था काढून आंब्याचे लोणचे आणि काजूगर बाजारात आणले. (लोणच्याबाबत आपल्या घरांतील मर्यादा मी जाणतो, काजूला हरकत नसावी.) मालाची प्रतवारी कशी करावी, भाव केव्हा धरावा, उधारी कोणाला द्यावी, हे आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहे. ते शिकवायला देणगीची पावतीसुद्धा फाडावी लागत नाही.