पाण्याचा भाता

देवळातील लामणदिव्याची लोखंडी साखळी तुटली, म्हणून खकनारला आम्ही एका फिरत्या लोहाराच्या पालाशी जाऊन बसलो. तो ऐरणीवर ठोके घालीत होता व त्याची बायको भाता ओढीत होती. “बाई, जरा हात उचला,” असे आम्ही दोनदा म्हणालो. आज ते सांगावयास लाज वाटते.

हे श्रम पाण्याकडून करविणारे लोक फार पूर्वी होऊन गेले. चीनमध्ये इ. स. 31 साली नानयांगचा अधिकारी दू शी याने पाण्याच्या चाकावर भाते चालविले. मध्ययुगात युरोपातही तसेच झाले. वारा अखंड व जोराचा मिळताच भट्ट्या उंच झाल्या आणि लोखंड वितळून वाहू लागले. आमच्याकडील हातभात्याच्या लहान भट्टीत मात्र ते वितळत नसे. सच्छिद्र गोळा निघे, तो घणाखाली पुनःपुन्हा ठोकावा लागे.

आमच्या निमाडातच, बडवाह येथे, 1860 नंतर नील्स मितांदर या स्वीडिश तज्ज्ञाने लोणारी कोळशाची मोठी भट्टी उभारली. 1864 मध्ये सरकारने तो उद्योग सोडून दिला. त्याच्या देशात अशा भट्ट्यांना बारमाही ओढ्यांचा आधार असे. आमचे सातपुड्यातील ओढे श्रावणात दुथडी वाहतात, वैशाखात त्यांत गुरांनाही घोट मिळत नाही. मग वाऱ्याचा भार हातांवरच राहावयाचा, आणि ते हात बहुधा बायकांचे.

साखळी आता देवापुढे आहे. देणगीच्या पाटीवर आमचे नाव आहे. त्या बाईचे नाव आम्ही विचारलेही नव्हते.