बदामी गादीवरचा डाग

मोटारीच्या बैठकीचा रंग कोणता असावा, या प्रश्नावर आमच्या एकत्र कुटुंबांत गेल्या वर्षीं चांगलाच वाद माजला होता. काळा रंग मळखाऊ, तोच बरा, असें वडीलधाऱ्यांचें म्हणणें. तर फिकट रंग उन्हांत कमी तापतो व गाडींत मोकळें वाटतें, असा तरुण मंडळींचा पक्ष. अखेर बहुमतानें बदामी कापडाच्या बैठकीची गाडी घरीं आली.

मळखाऊ हा आपल्या भाषेंतला मोठा फसवा शब्द आहे. मळखाऊ कापड मळ खात नाहीं, लपवितें. बदामी कापडाला ती सोय नाहीं. पहिल्या सहा महिन्यांतच आमच्या घराचा सारा रोजनामा त्या बैठकीवर उमटला. चाकणच्या गर्दींत गाडीला हिसका बसून काकांच्या पेल्यांतला चहा सांडला. मुलांच्या हातचें बटाटेवड्याचें तेल लागलें. एका लग्नाहून परततांना हळदीचीं बोटें उठलीं. तेलावर डाळीचें पीठ पसरून रात्रभर ठेवलें, तेव्हां बरेंचसें तेल त्यानें शोषून घेतलें. चहाचा डाग ताजा होता, तो ओल्या फडक्यानें टिपतां आला. हळदीला मात्र आम्हीं साबण लावला आणि ती पिवळ्याची तांबडी झाली! आमची तारांबळ पाहून मातोश्री हंसल्या. हळदीला क्षार लागला कीं ती तांबडी होते, आणि हळदीचें कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर बसविलेली आहे, हें आम्हांला तेव्हां उमगलें. साबण नुसत्या पाण्यानें काढून टाकतांच पिवळेपणा परत आला आणि दोन दिवसांच्या उन्हांत तोहि विरला.

या अनुभवांवरून आम्हीं दोन नियम बांधले. डाग बाहेरून आंत पुसावा, म्हणजे तो पसरत नाहीं. आणि पाणी बेतानें वापरावें, कारण कापडाखालचा फोम पाणी पिऊन बसतो व मग गाडीला कुबट वास येतो. एवढें ज्ञान झाल्यावर आपण या विषयांत निष्णात झालों, असा आमचा समज झाला. तो भाद्रपदांत उतरला.

आमचें मूळ गांव कळंब. पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें, कीं मंचर मागें टाकल्यावर घोड नदीच्या कांठचें हें गांव लागतें. तेथें आमचें जुनें घर अजून उभें आहे व गौरींना आम्ही सर्व तेथें जमतों. जमीन मात्र आतां आमची नाहीं. १९४८ चा कूळकायदा झाला, पुढें त्यांतील दुरुस्तीप्रमाणें १ एप्रिल १९५७ हा दिवस आला, आणि ती कसणाऱ्या कुळाच्या मालकीची झाली. त्याविषयीं आमच्या आजोबांच्या मनांत कांहीं दिवस कडवटपणा होता म्हणतात. पण दोन्हीं घरांचें जाणें-येणें तुटलें नाहीं. त्या घरांतले आबा आज पंच्याहत्तरीचे आहेत. आम्हां मुलांना बैलगाडींत बसवून नदीवर नेणारे ते हेच.

गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आबांचा नातू धांवत आला. ऊस तोडतांना कोयता निसटून आबांच्या पायावर बसला होता. घरीं दुसरें वाहन नव्हतें. आम्हीं लगेच गाडी काढली. आबांना दोघांनीं धरून आणलें. पोटरीपर्यंत चिखल, पायाला गुंडाळलेलें धोतराचें फडकें रक्तानें भिजलेलें. दार उघडलें आणि आमच्या तोंडून शब्द गेले, "थांबा, थांबा, खालीं कांहींतरी अंथरूं."

आणि आम्ही खरोखरच जुनें वर्तमानपत्र शोधूं लागलों.

आबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं खांद्यावरची घोंगडी काढून नातवाच्या हातीं दिली व त्यानें ती बैठकीवर पसरली. ओट्यावरून मातोश्रींचा आवाज आला, "अरे, गादी धुतां येते! माणूस आधीं ने!"

मंचरच्या रुग्णालयांत आबांना टांके पडले व दुपारीं ते सुखरूप घरीं आले. घोंगडीनें बरेंचसें झेललें होतें. तरी बैठकीच्या कडेला रक्त आणि चिखल लागलाच होता. त्या रात्रीं कोणालाहि न विचारतां आम्हीं बंबांतलें कढत पाणी आणलें, साबण घेतला आणि कंदिलासारखा मोबाइल टांगून घासावयास बसलों. सकाळच्या त्या शब्दांची लाज वाटत होती, आणि डाग गेला म्हणजे तीहि जाईल, अशी कांहीं तरी आमची समजूत असावी. सकाळीं पाहतों तों डाग तपकिरी होऊन धाग्यांत मुरलेला.

"अहो, ऊन पाणी कशाला घातलेंत?" सौ. म्हणाली. "रक्ताला थंड पाणी लागतें. आणि चिखल वाळूं द्यायचा, मग झटकायचा."

स्त्रियांना हें ज्ञान ग्रंथांतून मिळवावें लागत नाहीं. रक्तांतील प्रथिन उष्णतेनें गोठतें आणि धाग्याला घट्ट धरून बसतें. थंड पाण्यांत तें सुटतें. ओला चिखल घासला कीं तो कापडांत खोल जातो; वाळला म्हणजे कुंचल्यानें सहज उडतो. दोन्हीं ठिकाणीं आमची घाईच आड आली होती. मग मातोश्रींनीं रिठे भिजत घातले. रेशमाला क्षार सोसत नाहीं म्हणून त्या आपलें सोवळें रिठ्यानेंच धुतात. तें पाणी पातळ करून, गाळून, थंडच वापरलें. फडक्यानें टिपावें, पिळावें, पुन्हां टिपावें, असें तीनदां झालें. शेवटीं औषधाच्या दुकानांतलें ३ टक्क्यांचें हायड्रोजन पेरॉक्साइड, रंग उडत नाहीं ना हें बैठकीच्या खालच्या बाजूस पाहून, थेंब थेंब सोडलें. रक्ताशीं गांठ पडतांच तें फेसाळूं लागलें. डाग फिकटला. रुपयाएवढी एक तपकिरी छाया मात्र राहिली.

आठवड्यानें टांके काढावयाचे होते. आम्हीं गाडी आबांच्या दारांत नेली. ते काठी टेकीत बाहेर आले, आणि त्यांच्या बगलेंत धुतलेली घोंगडी नीट घडी करून धरलेली होती.

"आबा, घोंगडी राहूं द्या," आम्हीं म्हटलें.

"नको दादा. गाडीचं कापड लई फिकं हाय. पुन्हां डाग पडंल."

त्यांच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. असता तर बरें झालें असतें. स्वतःच्या जमिनीचा मालक असलेला, आमच्याहून तीस वर्षांनीं वडील असा हा गृहस्थ, ज्यानें आपल्या बैलगाडींत आम्हांला चिखलाच्या पायांनीं चढूं दिलें, तो आमच्या कापडाची काळजी वाहत उभा होता. आम्हांला उत्तर सुचेना. मातोश्रीच पुढें झाल्या. त्या मागच्या बैठकीवर, नेमक्या त्या छायेवर जाऊन बसल्या आणि शेजारची जागा हातानें थोपटून म्हणाल्या, "या, इकडे बसा. घोंगडी मांडीवर घ्या, गार वारा आहे."

आबा बसले, पण कडेला. मंचर येईपर्यंत त्यांची पाठ गादीला लागली नाहीं, हें आम्हीं समोरच्या आरशांत पाहत होतों. परततांना त्यांना डुलकी लागली व मान हळूच कलंडून बदामी पाठीला टेकली. आम्हीं गाडी सावकाश चालविली.

बैठकीचें कापड बदलून मिळतें, असें पुण्यांतील कारागिरानें सांगितलें. आम्हीं अद्याप बदललेलें नाहीं. गाडींत आतां वर्तमानपत्राऐवजीं थंड पाण्याची बाटली व एक धुवट पंचा ठेवलेला असतो.