धुराडे नसलेले घर

परवा भाच्याने मोबाईलवर जगाचा नकाशा दाखवला. प्रत्येक देशावर सरासरी बुद्ध्यांक लिहिलेला. भारतावर ८१.

"मामा, आपण इतके ढ?"

तो हसत होता, पण मला हसू आले नाही. सात वर्षांचा असताना त्याचीही अशी चाचणी झाली होती. घरात मराठी-कोंकणी आणि चाचणी इंग्रजीतून! आलेला आकडा वाचून ताई आठवडाभर नीट जेवली नव्हती. आज तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण तो आकडा त्याला अजून तोंडपाठ आहे.

नकाशातले आकडे लिन आणि वान्हानेन यांच्या २००२ च्या पुस्तकातले. त्यात १०४ देशांचे आकडे शेजारी देशांवरून अंदाजाने घेतलेले. इक्वेटोरियल गिनीला दिलेले ५९ तर स्पेनमधल्या मतिमंद मुलांच्या चाचणीतून आलेले निघाले! याला तुलना म्हणायचे?

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने निरक्षर आणि इंग्रजी न येणाऱ्या सैनिकांसाठी चित्रांची चाचणी काढली. चित्रात काय राहिले ते काढून दाखवायचे. एका घराला धुराडे नव्हते. सिसिलीहून आलेल्या एकाने तिथे क्रूस काढला. त्याच्या गावच्या घरांवर तो असायचाच. उत्तर चूक ठरले. अशा गुणांवरून कार्ल ब्रिगमने १९२३ मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांची बुद्धी कमी ठरवली. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष निराधार असल्याचे मान्य केले. (एवढा प्रामाणिकपणा दुर्मीळच.) पण १९२४ चा स्थलांतराचा कायदा तोवर झाला होता, आणि देशवार कोटा १९६५ पर्यंत टिकला.

नुसते भाषांतर करून भागत नाही. सारख्याच कुवतीच्या दोन मुलांना, मग ती कुठल्याही देशातली असोत, तोच प्रश्न सारखाच अवघड जातो का, हे आधी तपासावे लागते. धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी १९३० च्या दशकातच बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसवली, ती उगाच नव्हे.

मी कागदावर धुराडे नसलेले घर काढले आणि आईला विचारले, "यात काय राहिलंय?"

आईने चष्मा सरसावला. "दारांत तुळस खंय?"

भाच्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत बसला.