परतवारीचा चहा आणि आजींची भूक

आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेला आमच्याकडचा वारकरी आणखी एक एकादशी राखून ठेवतो. पुढच्या पंधरवड्यातील कामिका एकादशीला तो नरसी नामदेवला येतो. या यात्रेला 'परतवारी' म्हणतात. हिंगोली जिल्ह्यातील हे गाव कयाधू नदीच्या काठी आहे. संत नामदेवांचे हे जन्मस्थान. परंपरेने त्यांचा जन्म इ. स. १२७० मधील मानतात. त्यांची पदे गुरू ग्रंथ साहिबात असल्यामुळे शीख भाविकही येथे श्रद्धेने येतात.

परतवारीच्या दिवशी मंदिराच्या वाटेवर पावसाची भुरभुर, टाळांचा नाद आणि उकळत्या चहाचा वास असे सारे एकत्र येते. एका परिचितांच्या ओसरीवर मी टेकलो होतो. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आणि त्यांच्या सूनबाई बसल्या होत्या. मी डॉक्टर आहे हे कळताच सूनबाईंनी मन मोकळे केले.

"डॉक्टरसाहेब, आमच्या आत्याबाईंना भूकच लागत नाही. ताट पुढं केलं की दोन घास खातात अन् नको म्हणतात."

"आज चहा किती झाले?" मी विचारले.

आजी हसल्या. "उपास हाय बाबा. चहा चालतो की!"

बोटे मोडत हिशेब केला, तेव्हा दुपारी बारापर्यंत सहा कप झालेले होते. माझे लक्ष त्यांच्या हाताकडे गेले. कधीकाळी मनगटात घट्ट बसलेल्या पाटल्या कोपराकडे सरकत होत्या. वजनकाट्याआधी वजनाची बातमी देणारी हीच ती खूण.

चहाने भूक मरते, असे आपल्या घरांत पूर्वापार म्हणतात. त्यात तथ्य किती? चहा आणि कॉफी या दोहोंत कॅफीन असते. नेहमीच्या एका कप चहात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते. कडक कॉफीत त्याच्या दुप्पट किंवा अधिकही असू शकते. कॅफीनमुळे तरतरी येते, तात्पुरता थकवा झाकला जातो आणि जठरातील आम्लाचा स्राव वाढतो. भुकेवरील परिणामाबाबत संशोधनाचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही प्रयोगांत जेवणापूर्वी कॅफीन घेतलेल्यांनी थोडे कमी खाल्ले. काहींत फरकच आढळला नाही. म्हणजे निरोगी तरुण माणसाची भूक एका कपाने मरत नाही.

वृद्धांची गोष्ट वेगळी आहे. वयोमानाने चव आणि वास मंदावतात, थोडक्या अन्नानेही पोट भरल्यासारखे वाटते. अशा नाजूक भुकेपुढे आपण दुधासाखरेचा गोड चहा ठेवतो. दोन चमचे साखर आणि थोडे दूध घातलेल्या कपातून सुमारे ७० उष्मांक मिळतात, पण प्रथिने जेमतेम दीड-दोन ग्रॅम. सहा कपांनी चारशेवर उष्मांक पोटात जातात, जेवणाची जागा अडते आणि प्रथिनांची गरज तशीच राहते. ज्येष्ठांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिने हवीत. ४५ किलोच्या आजींना ४५ ग्रॅम. ती न मिळाल्यास स्नायू झिजतात, तोल जातो, पडण्याची भीती वाढते. संध्याकाळच्या चहाने झोप उडते ती वेगळीच. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात.

हे सांगताना मला माझ्या आईची आठवण झाली. अखेरच्या वर्षांत तिने 'थोडा चहा टाक' म्हटले की मी आनंदाने उठत असे. ती काहीतरी घेते आहे, याचेच मला समाधान होते. तिचे पोलके सैल झालेले एका पाहुण्या मावशींना दिसले. रोज तिच्यासमोर बसणाऱ्या माझ्यातल्या डॉक्टरला दिसले नाही.

म्हणून सूनबाईंना जे सांगितले तेच येथे लिहितो. चहा बंद करू नका. वृद्धांच्या दिवसातला तो मोठा विरंगुळा असतो. एकदम तोडल्यास डोकेही दुखते. मात्र चहा जेवणाच्या आधी नको, जेवणानंतर तासाभराने द्या. जेवणासोबतच्या चहाने भाजी-डाळींतील लोह अंगी लागत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच देऊ नका. थायरॉईडची गोळी घेतल्यावरही अर्धा ते एक तास थांबा. सकाळच्या चहासोबत बिस्किटाऐवजी शेंगदाण्याचा लाडू किंवा उकडलेले अंडे द्या. दुपारच्या एका कपाऐवजी दूध किंवा ताक द्या. दुपारी तीननंतर चहा-कॉफी शक्यतो टाळा. उपवासाला भगर, शेंगदाण्याची आमटी आणि दही असू द्या. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये.

आणि सारा दोष चहाच्या माथी मारू नका. सहा महिने ते वर्षभरात वजन विसावा हिस्सा घटले, म्हणजे ५० किलोंचे साडेसत्तेचाळीस झाले, तर तपासणी करून घ्या. सैल झालेली कवळी, बद्धकोष्ठ, काही औषधे, मनाची उदासी किंवा एखादा दडलेला आजारही भूक घालवतो.

निघताना यजमानांनी पुन्हा चहा आणला. आजींनी हात पुढे केला, सूनबाईंकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आधी भगर आण गं. चहा मागून."

कयाधूच्या काठी त्या दिवशी मी ऐकलेले ते सर्वांत समाधानाचे वाक्य होते.