जुना लॉकर घेताना

चिखलात रुतलेल्या फोर बाय फोर गाडीकडे जरा बाजूला उभं राहून पाहिलं, तर एक गोष्ट हमखास दिसते. पुढचं एक आणि मागचं एक चाक गरगरत असतं, चिखल उडवत असतं. उरलेल्या दोन चाकांखाली चांगली घट्ट जमीन असते, पण ती ढिम्म हलत नाहीत. गाडीत दोष नसतो, उलट डिफरन्शियल आपलं काम चोख करत असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असलेली गाडी एक पूर्ण गोल फेरी मारते तेव्हा बाहेरचं चाक जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त धावतं, मग फेरी लहान असो की मोठी. ही तफावत सांभाळण्यासाठी डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतं, जोर मात्र दोघांना सारखाच देतं. एक चाक हवेत लटकलं, की ते फिरवायला जो नगण्य जोर पुरतो, तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो.

लॉकर दोन्ही बाजूंचे ॲक्सल शाफ्ट एकमेकांशी जखडतो. मग एक चाक अधांतरी असलं तरी दुसरं गाडी ओढून काढतं.

आपल्याकडे काही गाड्यांना तो कारखान्यातूनच मिळतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ॲक्सलना हातानं लावायचे लॉक आहेत. महिंद्रानं २०१५ साली थार सीआरडीईच्या मागच्या ॲक्सलमध्ये ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर दिला. तो ड्रायव्हरला विचारत नाही. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला, की आतल्या गव्हर्नरची वजनं बाहेर फाकतात, एका खिट्टीत अडकतात आणि क्लच प्लेटा आवळल्या जातात. ताशी ३० किलोमीटरच्या थोडं वर गेलं, की तो लागतच नाही. जनरल मोटर्सच्या अमेरिकी पिकअप ट्रकमध्ये ही रचना १९७३ पासून आहे. जिप्सीवाल्यांना, जुन्या जीपवाल्यांना आणि साध्या डिफरन्शियलच्या थारवाल्यांना मात्र लॉकर बाहेरून आणावा लागतो. नवा परवडत नाही, म्हणून नजर जुन्याकडे वळते. कुर्ल्याच्या गाळ्यांत, दिल्लीच्या मायापुरीत, जुन्या जीपसाठी नावाजलेल्या मंडी डबवालीत, किंवा परदेशातल्या नातेवाइकाच्या सामानातून तो येतो. गोव्यात २०१४ मध्ये रेनफॉरेस्ट चॅलेंज सुरू झाली. अशा स्पर्धांमधून उतरवलेला मालही हातोहात फिरतो.

जुना लॉकर घेणं शहाणपणाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. हा ठोस पोलादाचा भाग आहे. नीट वापरला तर गाडीपेक्षा जास्त टिकतो. पण बहुतेक खरेदीदार चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. लॉकर समोर दिसतो, किंमत पटते, पैसे दिले जातात, आणि मग घरी येऊन आपल्या ॲक्सलची चौकशी सुरू होते. क्रम नेमका उलटा हवा.

आधी आपल्या ॲक्सलचं कव्हर उघडावं. शाफ्टच्या टोकावरचे स्प्लाइन, म्हणजे लांबट दाते, मोजावेत, कारण लॉकरच्या आतल्या साइड गिअरमध्ये तेवढेच हवेत. डॅना ४४ हे नाव सांगून काहीच निश्चित होत नाही. या एकाच ॲक्सलचे शाफ्ट १९ स्प्लाइनचेही आले, ३० चेही आले. रँग्लर रूबिकॉनच्या जेके पिढीत तर पुढचा शाफ्ट ३० चा आणि मागचा ३२ चा आहे. मग क्राउन या मोठ्या गिअरचे दाते मोजून त्यांना त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनच्या दात्यांनी भागावं. ४१ ला ११ नं भागलं की ३.७३ येतं, ४३ ला ८ नं भागलं की ५.३८. हा दुसरा आकडा जुन्या विलिस सीजे-२ए चा. महिंद्राची गाड्यांची कहाणी विलिस जीप जोडण्यापासूनच सुरू झाली.

हे गुणोत्तर महत्त्वाचं का? आकडा वाढतो तसं पिनियनचं डोकं लहान होत जातं, आणि क्राउन त्याच्याजवळ सरकवावा लागतो. म्हणून क्राउन ज्यावर बसतो तो कॅरियर दोन मापांत बनवतात. डॅना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्या गुणोत्तरांना एक कॅरियर, ३.९२ आणि त्यावरच्यांना दुसरा. डॅना ३० मध्ये हीच सीमा ३.५४ आणि ३.७३ यांच्यामध्ये आहे. बहुतेक लॉकर स्वतःच कॅरियर असतात. माप चुकलं, तर क्राउन पिनियनपर्यंत पोचत नाही किंवा बसतच नाही. महिंद्राच्या जुन्या ॲक्सलचं घराणं विलिसचं म्हणून अमेरिकी लॉकर बसेलच, हे गृहीत धरणं महागात पडतं. मोजून पाहावं, शक्यतो जुना कॅरियर शेजारी ठेवून.

आता हातातला माल. कोणत्याही जातीचा असो, पहिली नजर बेअरिंग बसतं त्या गोल जागेवर जावी. बेअरिंग तिथे प्रेसनं घट्ट बसतं. त्या जागेवर निळसर डाग किंवा चरे असतील, किंवा नवं बेअरिंग बोटांनी सहज सरकत असेल, तर आधीच्या गाडीत ते त्या जागेवरच घसरून फिरलेलं आहे. असा माल कितीही स्वस्त असला तरी परत द्यावा. नंतर क्राउनच्या बोल्टची छिद्रं पाहावीत. ती लांबट झाली असतील, तर सैल बोल्टवर गाडी पळवलेली आहे. बॉडीवर वेल्डिंगचा टाका दिसला, तर पुढे बोलणंच नको.

एअर लॉकरमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या एआरबीसारख्या हवेवर चालणाऱ्या प्रकारात, जीव रबरी ओ-रिंगमध्ये असतो. हवा एका न फिरणाऱ्या सील हाउसिंगमधून फिरत्या कॅरियरमध्ये शिरते. त्या सांध्याचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत हवा. नखाला अडेल इतका चराही हवा सोडतो. अशी गळती गाडीत ओळखता येते. लॉक सोडताना सोलेनॉइडच्या तोंडातून गिअर ऑइलचा फवारा येतो, किंवा हाउसिंगमध्ये हवा साठून ब्रीदरमधून ऑइल बाहेर पडतं. ओ-रिंग आणि सील हाउसिंग नवे मिळतात, त्यामुळे तेवढ्यासाठी सौदा मोडू नये, किंमत मात्र कमी करून घ्यावी. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर तो लावून पाहावा: स्पष्ट टक् आवाज यायला हवा, दोन्ही साइड गिअर एकत्र जखडायला हवेत आणि हवा बंद केल्यावर दाब टिकायला हवा. बॉडीवर कोरलेला आरडी क्रमांक पुसट असला तरी वाचावा. कोणत्या ॲक्सलसाठी, किती स्प्लाइनचा, हे त्यावरून कळतं.

विजेवर चालणाऱ्या लॉकरची कॉइल मल्टिमीटरनं तपासता येते. तुटलेली वायर हे त्याचं नेहमीचं दुखणं. थारमधून निघालेल्या ईटनच्या लॉकरची गोष्ट अवघड आहे, कारण तो टेबलावर सहजी लागत नाही. गव्हर्नर मोकळा फिरतो का, खिट्टीची धार गोल झाली आहे का, हे पाहावं. जोरात एक्सलरेटर दाबून चाक फिरवत ठेवायची सवय असलेल्या माणसाच्या गाडीतला लॉकर झटक्यानं लागत आलेला असतो. अमेरिकेत अशानं फुटलेल्या लॉकरवरून त्याला ‘गव्ह-बॉम्ब’ हे टोपणनाव पडलं. मूळ कॅरियरमध्येच बसणारे छोटे स्वयंचलित लॉकर सगळ्यात सोपे: चार तुकडे, काही पिना, काही स्प्रिंगा. दात्यांच्या कडा तीक्ष्ण असल्या आणि कॅरियरची मधली पिन झिजलेली नसली, की ते घ्यावेत. क्राउन-पिनियनला हात लावावा लागत नाही, ही त्यांची मोठी सोय.

बाकी सगळ्या लॉकरसाठी क्राउन-पिनियनला हात लावावा लागतोच, आणि इथे जुन्या मालावर वाचवलेले पैसे मोकळ्या हातानं खर्च करावेत. बेअरिंग नवी, सील नवी. क्राउन आणि पिनियन एकाच जोडीचे. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच क्रमांक असतो. शिम घालून दात्यांतला प्ले त्या ॲक्सलच्या पुस्तकात दिलेल्या मापात आणायचा. डॅना ४४ ला तो साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो, आणि डायल गेजशिवाय तो मोजता येत नाही. ‘हातानं हलवून कळतं’ म्हणणाऱ्या मेस्त्रीकडे हे काम देऊ नये. दात्यांना रंग लावून उमटलेला ठसा स्वतः पाहावा. तो दात्याच्या मध्यावर हवा, टोकाला किंवा मुळाशी नको.

एकच लॉकर परवडत असेल, तर तो मागे. चढावर वजन मागच्या चाकांवर येतं, आणि पुढचा लॉक लावला की स्टिअरिंग जड होऊन पुढच्या जॉइंटवर ताण पडतो. मागचा लॉकही सह्याद्रीतल्या ओल्या, बाजूला कललेल्या लाल मातीच्या वाटेवर जपून लावावा: दोन्ही चाकं एकदम फिरली की मागची बाजू उताराकडे घसरते. मोकळं डिफरन्शियल असलं, तर न फिरणारं चाक तिला धरून ठेवतं. नव्यानं बसवलेल्या क्राउन-पिनियनला आधी काही दिवस डांबरी रस्त्यावर, ओझं न भरता, मध्ये मध्ये थांबून थंड होऊ देत चालवावं. मग ऑइल काढून बदलावं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असला तर काळजी नको. नखाएवढा कपचा निघाला, तर कव्हर पुन्हा उघडावं लागेल.