निवृत्तीच्या वर्षी हिशेबाचा पहिला वर्ग

निवृत्तीला जेमतेम काही महिने उरलेल्या एका डॉक्टरांना शासनाने नोकरीत पहिल्यांदाच हिशेबाच्या प्रशिक्षणाला पाठवले, ही गोष्ट मला अजूनही पचलेली नाही. ते ग्रामीण रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक होते, म्हणजे पदाने आहरण व संवितरण अधिकारीही (डीडीओ). कर्मचाऱ्यांचे पगार, औषधे, डिझेल, वीजबिल, सगळे पैसे कित्येक वर्षे त्यांच्याच सहीने कोषागारातून निघत होते.

माझ्यासारख्या लेखाविषयक वर्ग घेणाऱ्यांना असे अधिकारी नवे नाहीत. डॉक्टर, प्राचार्य, कृषी अधिकारी यांची निवड त्यांच्या विषयातल्या ज्ञानावर होते आणि डीडीओ कोड खुर्चीसोबत येतो. मुंबई वित्तीय नियम 1959 चे, महाराष्ट्र कोषागार नियम 1968 चे, खरेदीची नियमपुस्तिका 2016 ची. यातले काहीही न वाचता कारभार सुरू होतो, कारण लिपिक फाइल उघडून ‘साहेब, इथे सही’ म्हणतो आणि बाहेर ओपीडीत रांग लागलेली असते.

चहाच्या सुट्टीत डॉक्टरांनी पिशवीतून एक फाइल काढली. प्रकरण एसी बिलाचे होते. तातडीच्या आकस्मिक खर्चासाठी, पावत्या नंतर देण्याच्या अटीवर, कोषागारातून रक्कम उचलता येते. ते संक्षिप्त देयक. मग महिन्याभरात पावत्यांसह तपशीलवार देयक, म्हणजे डीसी बिल, महालेखापालांकडे जावे लागते. ते गेले नाही तर रक्कम खर्ची पडलेली दिसते, पण ती नेमकी कशावर गेली याचा पुरावा विधिमंडळासमोर येत नाही. राज्याच्या वित्तव्यवस्थेवरील कॅगच्या अहवालांत प्रलंबित डीसी बिले पुन्हा पुन्हा येतात ती यामुळेच.

फाइलमधली रक्कम डॉक्टरांनी उचललीच नव्हती. आधीच्या अधीक्षकांनी ती शस्त्रक्रिया शिबिरासाठी काढली होती. शिबिर झाले, रुग्णांची ऑपरेशने झाली, मांडववाल्याचे आणि जेवणाचे पैसेही दिले गेले. राहिले ते फक्त डीसी बिल. ते अधीक्षक निवृत्त झाले, लिपिकाची बदली झाली. डॉक्टरांनी पदभार घेतला तेव्हा प्रभार यादीत किल्ल्या होत्या, रुग्णवाहिका होती, जडवस्तू संग्रह नोंदवही होती. प्रलंबित एसी बिलाचा उल्लेख नव्हता. पुढे थकीत यादी आली ती कार्यालयाच्या कोडवर, आणि त्या कोडपुढे आता नाव यांचे. ना-देय प्रमाणपत्र अडले, निवृत्तीवेतनाचे प्रकरण जागेवरून हलेना.

फाइलमध्ये रोकडवहीच्या झेरॉक्सही होत्या. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, नोंदीपुढे छोटी सही. महिनाअखेरीस अधिकाऱ्याने रोख स्वतः मोजायची आणि शिल्लक अंकी व अक्षरी लिहून खाली सही करायची असते. शिबिराच्या महिन्यात रकमेची जागा कोरी होती, खाली जुन्या अधीक्षकांची सही. त्यापुढच्या पानांवरही जागा कोरीच, फक्त सही बदललेली. ती डॉक्टरांची होती. “ही ओळ कशासाठी असते, हे मला कुणी सांगितलंच नाही,” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळे ऐकणे अधिकच जड गेले.

वर्गातल्याच एका सहायक लेखा अधिकाऱ्यांनी ती फाइल हातात घेतली. पावत्यांच्या कार्यालयीन प्रती कुठे बांधून ठेवलेल्या असतात ते त्यांना ठाऊक होते. भांडारपालाला फोन लावला, जुन्या गठ्ठ्यात पावत्या सापडल्या, आणि डीसी बिलाचा मसुदा शेवटच्या बाकावर बसून तयार झाला. इतके सोपे काम होते! तरीही डॉक्टरांचे निवृत्तीवेतन उशिरा सुरू झाले आणि उपदान त्याहून उशिरा मिळाले. चार पावत्या वेळेवर न पाठवल्याची शिक्षा त्या न पाठवणाऱ्याला झालीच नाही.

आधी प्रशिक्षण, मग डीडीओ कोड, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. राज्याचे प्रशिक्षण धोरण 2011 चे आहे, केंद्राचे मिशन कर्मयोगी 2020 चे; कागदावर उणीव नाही. पण त्या वर्गानंतर माझाच त्यावरचा विश्वास थोडा डळमळला. बीम्स आणि सेवार्थ या संगणक प्रणाली उत्तम शिकलेले अधिकारीसुद्धा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अनुदान व्यपगत होऊ नये म्हणून न वाचता सह्या करतात. मी त्या सकाळी राज्यघटनेचे कलम 266 समजावले होते, कायद्याशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही हे. डॉक्टरांच्या कामी आला तो त्यांच्याच कागदावर बोट ठेवून बोलणारा सहकारी. वर्ग बंद करा असे तरीही म्हणवत नाही. प्रत्येकाने आपल्या कार्यालयाची रोकडवही घेऊन वर्गाला यावे, एवढे मात्र नक्की वाटते. आणि लिपिकालाही सोबत पाठवावे.

नव्याने पदभार घेणाऱ्यांनी किल्ल्यांच्या आधी प्रलंबित एसी बिलांची, उपयोगिता प्रमाणपत्रांची आणि लेखापरीक्षण आक्षेपांची यादी लेखी मागावी, रोकड स्वतः मोजावी आणि मगच सही करावी. शासनाने प्रभार प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हे रकाने छापावेत. त्यासाठी नवा निधी लागत नाही, एक परिपत्रक पुरते.